खोंडाबरोबर जन्मलेली कालवड वांझ का निघते? गर्भातल्या हॉर्मोन्सबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरी गोठा आणि नोकरी बायोलॉजी शिकवायची, त्यामुळे मला दोन्हीकडून प्रश्न येतात. गावाकडचे लोक जुळ्या वासरांचं विचारतात आणि कॉलेजातली मुलं (आणि खरं सांगायचं तर त्यांच्या आया पण, पण हळू आवाजात) माणसांचं विचारतात. गंमत अशी की दोन्हीचं उत्तर एकाच जागी सापडतं. दरवेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

गाईला जुळी झाली, एक खोंड आणि एक कालवड. कालवड ठेवू का नको?

दुधासाठी ठेवणार असाल तर आधी तपासून घ्या, कारण अशा १०० कालवडींमधल्या ९० पेक्षा जास्त कधीच गाभण राहत नाहीत. इंग्रजीत अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. आपल्याकडे वेगळं नाव मी ऐकलेलं नाही, "खोंडाबरोबरची आहे" एवढं म्हटलं की जुन्या माणसांना कळतं.

मी सातवीत असताना आमची एक संकरित गाय व्याली. आधी खोंड आला, सगळे वार पडायची वाट बघत बसलेले, तेवढ्यात अर्ध्या तासाने कालवड पण आली. आई खूश, वडील खूश. शेजारचे आबा गोठ्याच्या दारात उभे राहून तंबाखू मळत म्हणाले, "खोंडासंगटची हाय, लागायची न्हाय ती." वडिलांना राग आला, असलं अभद्र कशाला बोलायचं म्हणून. अडीच वर्षं पेंड घालून वाढवली, अंगाने मस्त झाली, पण माज काही दाखवेना. शेवटी पशुवैद्य आले, खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, आत हात घालून बराच वेळ चाचपडले आणि म्हणाले, "हिला पिशवीच बनलेली नाही." आबा बरोबर होते. का बरोबर होते ते त्यांनाही माहीत नव्हतं.

पण असं होतं तरी का?

गाईच्या पोटात जुळी असली की दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात. हे फार लवकर होतं, साधारण महिन्या-सव्वा महिन्यातच. तिथून पुढे दोघांचं रक्त एकमेकांत फिरत राहतं. दीड महिन्याच्या आसपास खोंडाची वृषणं तयार व्हायला लागतात आणि लगेच कामालाही लागतात, म्हणजे हॉर्मोन सोडतात, ते हॉर्मोन रक्तातून बहिणीकडे पण जातात. त्यातलं एक म्हणजे एएमएच. त्याचं काम एकच, गर्भाशय ज्या नळीपासून बनतं ती नळी विरघळवून टाकायची. खोंडाच्या अंगात हे व्हायलाच पाहिजे, त्याला गर्भाशय नको आहे. पण तोच निरोप चुकून शेजारच्या घरी पोचतो आणि बहिणीचं गर्भाशय बनायच्या आधीच थांबतं. तिचे अंडाशय पण खुरटतात, काही जणींमध्ये तर त्यात वृषणासारख्या बारीक नलिका दिसतात.

बाहेरून मात्र कालवड कालवडच दिसते, म्हणून तर माणूस फसतो. क्वचित योनीखाली केसांचा लांब झुपका असतो, एवढंच.

घरच्या घरी ओळखता येतं का?

पशुवैद्याला बोलवा. ते काय करतात ते सांगते म्हणजे घाबरायला नको. वासरू काही दिवसांचं असतानाच गुळगुळीत टोकाची नळी, जाडसर टेस्ट ट्यूबसारखी, वंगण लावून हलक्या हाताने योनीमार्गात सरकवतात. नॉर्मल कालवडीत ती १२ ते १५ सेंटीमीटर आत जाते, फ्रीमार्टिनमध्ये ५ ते ८ सेंटीमीटरवरच अडते, पुढे रस्ताच नसतो. हे स्वतः करू नका, जोर लागला तर आत फाटतं.

शंभर टक्के खात्री पाहिजे असेल तर रक्ताची डीएनए टेस्ट. मादीच्या रक्तात वाय क्रोमोसोम सापडला की विषय संपला, कारण भावाच्या रक्तपेशी तिच्या हाडांच्या मगजात कायमच्या वस्तीला आलेल्या असतात.

एकटीच जन्मली तरी अशी निघू शकते?

हो. सोबतचा खोंड मधेच पोटात दगावला आणि जिरून गेला तर कोणाला पत्ताही लागत नाही की जुळं होतं, आणि कालवड मात्र तशी निघते. वरवर काही दोष दिसत नाही पण कालवड माजावरच येत नाही अशी केस असेल तर हे पण डोक्यात ठेवा.

खोंडाला काही होतं का? म्हशीत, शेळीत?

खोंडाला बहुतेक काही होत नाही. म्हशीत पण हा प्रकार सापडलेला आहे, पण मुळात म्हशीला जुळी कमीच होतात. शेळ्या-मेंढ्यांना जुळं-तिळं रोजचंच, पण त्यांच्या रक्तवाहिन्या सहसा जुळत नाहीत म्हणून तिथे क्वचितच. शेळीत धड बोकड नाही धड शेळी नाही असं पिल्लू निघतं त्याचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं, ते बिनशिंगी असण्याच्या जीनशी जोडलेलं आहे.

मला जुळा भाऊ आहे. मग मला मूल होणार नाही का?

हा प्रश्न मला एका मुलीने वर्ग सुटल्यावर, सगळे गेल्यावर विचारला होता, आणि विचारताना तिचा चेहरा असा झाला होता की मला आधी उत्तर आणि मग कारण सांगावं लागलं. नाही. काही होत नाही. माणसात भाऊ-बहीण अशी जुळी असली की दोघांच्या वारा चिकटलेल्या असल्या तरी रक्त जवळजवळ नेहमीच वेगवेगळं फिरतं. निरोप शेजारी जातच नाही.

आणि नुसतं रक्त मिसळलं म्हणजे वांझपण आलंच असंही नाही. दक्षिण अमेरिकेत मार्मोसेट म्हणून छोटी माकडं आहेत, त्यांना जवळपास नेहमीच जुळी होतात, गाईसारखंच रक्त मिसळतं, आणि तरी माद्या व्यवस्थित पिल्लं देतात.

हे शोधलं कोणी?

वांझ गाईला वेगळं नाव द्यायची पद्धत रोमन लोकांत पण होती. शास्त्रीय पद्धतीने आत कापून बघितलं ते लंडनच्या जॉन हंटर नावाच्या सर्जनने, १७७९ मध्ये. कारण सापडायला मात्र १९१६ उजाडलं. शिकागोचे फ्रँक लिली कत्तलखान्यातून गाईंची गर्भाशयं आणून तपासत होते, त्यांना दोन वारांमधल्या जुळलेल्या शिरा दिसल्या आणि त्यांनी लिहिलं की भावाच्या रक्तातून काहीतरी जात असणार. साधारण त्याच काळात व्हिएन्नाकडच्या दोघांनी, केलर आणि टँडलर, वेगळेपणाने हेच मांडलं.

याचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. १९४५ मध्ये रे ओवेन यांनी दाखवलं की अशा जुळ्या वासरांच्या अंगात मोठेपणी पण एकमेकांच्या रक्तपेशी सुखाने नांदतात, शरीर त्यांना परकं समजत नाही. नंतर इंग्लंडमध्ये पीटर मेडावार कातडीचे तुकडे इकडचे तिकडे लावून जुळी वासरं एकसारखी आहेत की वेगळी ते ओळखायचा प्रयत्न करत होते, आणि खोंडाची कातडी कालवडीच्या अंगावर टिकली! त्यातून जे काम झालं त्याला १९६० चं नोबेल मिळालं, बर्नेट आणि मेडावारांना. अवयव प्रत्यारोपणामागच्या विज्ञानात गोठ्याचा हा एवढा मोठा वाटा आहे.

मुळात मुलगा-मुलगी ठरतं कसं? एक्स-वायनेच ना?

एक्स-वायने सुरुवात होते, पण सगळं तिथेच ठरत नाही, आणि शाळेत आपण तिथेच थांबतो ही खरी अडचण आहे. याला रिले शर्यतीसारखं बघा.

माणसाच्या गर्भात सहाव्या आठवड्यापर्यंत दोघांचं सामान अगदी सारखं असतं. एक ग्रंथी जी काहीही होऊ शकते, आणि दोन जोड्या नळ्यांच्या. एका जोडीचं नाव वुल्फियन, त्यातून पुरुषाच्या शुक्रवाहिन्या होणार. दुसरी म्युलेरियन, तिच्यातून गर्भाशय आणि बीजवाहिन्या. म्हणजे प्रत्येकाकडे दोन्ही घरांचा पाया खणून तयार असतो.

मग वाय क्रोमोसोमवरचा एसआरवाय नावाचा एक जीन थोडा वेळ चालू होतो (हा १९९० मध्ये सापडला, आणि १९९१ मध्ये तो एक्सएक्स उंदराच्या गर्भात घातला तर नर जन्मला) आणि ग्रंथीचं वृषण बनतं. इथे क्रोमोसोमचं मुख्य काम बऱ्यापैकी संपलं. यापुढची धाव हॉर्मोन्सची. वृषणातून एएमएच निघतं, ते म्युलेरियन नळी घालवतं. वृषणातूनच टेस्टोस्टेरॉन निघतं, ते वुल्फियन नळी टिकवतं. आणि बाहेरचं लिंग तयार करायला टेस्टोस्टेरॉन तसंच पुरत नाही, त्याचं अजून कडक रूप लागतं, डीएचटी, ते तिथल्या पेशी जागेवर बनवून घेतात.

तीन निरोप, तीन वेगळी कामं, आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली. त्यातला एखादाच पोचला नाही किंवा नको तिथे पोचला की काय होतं ते पुढे बघूच.

हे माहीत कसं झालं? गर्भात डोकावून कोण बघणार?

आल्फ्रेड जोस्त. फ्रान्समधले, १९४०च्या दशकात, महायुद्ध नुकतंच संपलेलं. त्यांनी गाभण सशिणीचं पोट उघडून, गर्भाशयाच्या आतल्या पिल्लाची, जे आपल्या बोटाच्या पेरापेक्षा फार मोठं नसतं, ग्रंथी काढून टाकली, सगळं शिवून परत ठेवलं, आणि सशीण पुढे नीट राहिली. विचार करा हात किती स्थिर पाहिजे. ज्यांची ग्रंथी काढली ती सगळी पिल्लं, एक्सवाय असोत की एक्सएक्स, मादीसारखी घडली.

मग त्यांनी ग्रंथीच्या जागी टेस्टोस्टेरॉनचा खडा ठेवला. नराच्या नळ्या टिकल्या, पण मादीच्या नळ्या काही गेल्या नाहीत. म्हणजे त्या घालवणारं दुसरंच काहीतरी वृषणातून निघत असणार. ते दुसरं म्हणजेच एएमएच, आमच्या कालवडीची पिशवी घालवणारं.

एएमएच म्हणजे बायकांची टेस्ट करतात तेच का?

तेच! मूल राहत नाही म्हणून डॉक्टरकडे गेलं की जी एएमएच टेस्ट लिहून देतात तेच हे हॉर्मोन. जन्मानंतर बाईचे अंडाशय पण ते बनवतात आणि त्यावरून बीजांचा साठा किती आहे याचा अंदाज घेतात. एकच हॉर्मोन, गर्भात गर्भाशय पुसणारं आणि पंचवीस-तीस वर्षांनी बीजांचा हिशेब सांगणारं.

म्हणजे सगळे आधी मुलीच असतात, हे खरं?

अर्धं खरं. जोस्तच्या प्रयोगानंतर पुस्तकात असं लिहायची पद्धत पडली की मादी म्हणजे काही न करता आपोआप होणारी गोष्ट. तसं नाही. अंडाशय बनवायला वेगळे जीन राबतात आणि ते बिघडले तर अंडाशय नीट होत नाही. २०१७ मध्ये तर उंदरांत असं दिसलं की मादीत नराच्या नळ्या आपोआप वाळत नाहीत, त्या घालवायला पण एक प्रोटीन लागतं, ते काढून घेतलं तर मादीत दोन्ही नळ्या राहतात. घरात बाईचं काम दिसत नाही म्हणून ती काही करत नाही असं म्हणण्यातला प्रकार होता हा.

मेंदूवर पण परिणाम होतो का?

प्राण्यांमध्ये होतो, याबद्दल वाद नाही. १९५९ मध्ये अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन दिलं. त्यांच्या मादी पिल्लांना मोठेपणी मादीची हॉर्मोन्स देऊन सुद्धा त्या मादीसारख्या कमी वागल्या, उलट इतरांवर चढायला जास्त बघायच्या. म्हणजे गर्भात असताना एकदा वायरिंग झालं, मोठेपणीचं हॉर्मोन फक्त बटण दाबतं.

आता यातला वेडेपणा ऐका. उंदीर-घुशीसारख्या प्राण्यांत टेस्टोस्टेरॉन मेंदूत शिरल्यावर इस्ट्रोजेन बनतं आणि नराचा मेंदू घडवण्याचं बरंचसं काम ते इस्ट्रोजेन करतं! मग आईच्या इस्ट्रोजेनने सगळी पिल्लं नरासारखी का होत नाहीत, तर पिल्लांच्या रक्तात एक प्रोटीन असतं जे आईचं इस्ट्रोजेन धरून ठेवतं, मेंदूपर्यंत जाऊ देत नाही. माणसात मात्र हा वळसा फारसा महत्त्वाचा दिसत नाही, टेस्टोस्टेरॉन बहुतेक थेटच काम करतं. म्हणून उंदरावरून माणसाबद्दल छातीठोक बोलणाऱ्यांपासून जरा लांब राहावं.

पोटात कोणाशेजारी जागा मिळाली यानेही फरक पडतो म्हणे?

उंदरात पडतो. पिल्लं गर्भाशयात शेंगेतल्या दाण्यांसारखी ओळीने असतात. दोन भावांच्या मधे जागा मिळालेली बहीण जरा जास्त आक्रमक निघते, आणि दोन बहिणींच्या मधे असलेलीपेक्षा तिचं गुदद्वार आणि जननेंद्रिय यांमधलं अंतर थोडं जास्त असतं. भावांचं टेस्टोस्टेरॉन थोडंफार झिरपतं म्हणून. वांझ वगैरे काही होत नाही. गाईत पूर आणि इथे नुसती ओल, असं समजा.

तरसाची मादी खरंच नरासारखी असते का?

आफ्रिकेतला ठिपकेवाला तरस, त्याची मादी. तिला बाहेरून लिंगासारखाच अवयव असतो, ती लघवी त्यातूनच करते, मिलन त्यातूनच आणि पिल्लू पण त्यातूनच जन्मतं, पहिलटकरणीची फार वाईट अवस्था होते. सगळ्यांना वाटलं गर्भात भरपूर नर-हॉर्मोन मिळत असणार. मिळतं खरं, पण अमेरिकेत बर्कलीला पाळलेल्या तरसांना गाभणपणात ते हॉर्मोन अडवणारी औषधं दिली तरी मादी पिल्लांना तो अवयव आलाच, फक्त आकार जरा बदलला. म्हणजे सगळं हॉर्मोनच्या खात्यावर टाकता येत नाही. महाराष्ट्रात माळरानावर दिसतो तो पट्टेवाला तरस वेगळा, त्याच्या मोठ्या मादीला असं काही नसतं.

माणसात निरोप चुकला तर काय होतं?

तीन उदाहरणं सांगते, वरच्या तीन निरोपांशी जोडून वाचा.

एक, सीएएच. बाळाच्या मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीत एक एन्झाइम कमी असतं, त्यामुळे तिथून नर-हॉर्मोन जास्त बनतं. मुलगी असेल तर गर्भाशय, अंडाशय सगळं ठीक (एएमएच नाहीये ना), पण बाहेरचं अवयव मुलासारखं दिसू शकतं. जगात साधारण १५,००० जन्मांमागे एक. आणि इथे खरी भीती दिसण्याची नसते, मिठाची असते: बऱ्याच बाळांच्या शरीरात मीठ टिकत नाही आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उलट्या होऊन, सुकून जीव जाऊ शकतो. मुलगा असेल तर बाहेरून काही कळतही नाही, म्हणून जन्मल्यावर टाचेचं रक्त घेऊन करतात त्या टेस्टमध्ये हे बघून घ्या. औषध आहे, आयुष्यभर घ्यावं लागतं, पण माणूस छान जगतो.

दोन, एक्सवाय क्रोमोसोम, वृषणं आत, टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण पेशींना ते ऐकूच येत नाही, त्यांचा रिसेप्टर चालत नाही. बाहेरून पूर्ण मुलगी. पण एएमएच ऐकू येतं, म्हणून गर्भाशय नसतं. वाढत्या वयात छाती येते, पाळी मात्र येत नाही, आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी डॉक्टरकडे गेल्यावर कळतं. ती मुलगीच असते, मुलगी म्हणूनच वाढलेली असते, आणि तिला "तू खरा मुलगा आहेस" असं सांगणाऱ्या नातेवाइकांना दाराबाहेर ठेवावं.

तीन, डीएचटी बनत नाही. डॉमिनिकन रिपब्लिक देशातल्या एका खेड्यात अशी बरीच मुलं होती, जन्मताना मुलीसारखी दिसायची आणि वयात येताना शरीर मुलासारखं व्हायचं. यावरचा अभ्यास १९७४ मध्ये छापून आला. डीएचटी अडवलं तर प्रोस्टेट छोटं राहतं हे इथूनच लक्षात आलं आणि पुढे फिनास्टेराइडची गोळी आली, जी आज टक्कल पडतं म्हणून कितीतरी जण घेतात. घरात कोणी गरोदर असेल तर तिने या गोळीचा चुरा हातात घेऊ नये, पोटात मुलगा असला तर त्याचा डीएचटीचा निरोप अडू शकतो. पाकिटावर लिहिलेलं असतं पण वाचतं कोण.

मग मुलगा होण्याचं औषध काम करू शकतं का?

नाही. मला वाटलंच होतं हा प्रश्न येणार. दिवस राहिल्यावर देतात त्या पुड्यांनी क्रोमोसोम बदलत नाही, तो वीर्य-बीज भेटतात त्या क्षणी ठरलेला असतो आणि तोही बापाकडून. वरचं सगळं वाचून कोणाला वाटत असेल की टेस्टोस्टेरॉन दिलं तर मुलगा होईल, तर फार तर मुलीच्या अवयवांत बिघाड होईल, मुलगा होणार नाही. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र होतं, १९८८ मध्ये, देशाचा कायदा १९९४ चा. पुडीवाले तरीही आहेतच.

मुलगी गाड्यांशी खेळते, मुलगा बाहुलीशी, हे गर्भातल्या हॉर्मोनमुळे का? आणि समलैंगिकता?

सीएएच असलेल्या मुली सरासरीने गाड्यांशी, दांडग्या खेळात जास्त रमतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. त्यांच्यात बायकांबद्दल आकर्षण वाटणाऱ्यांचं प्रमाणही इतर बायकांपेक्षा थोडं जास्त, पण बहुतेक जणी तशा नसतात. एवढ्यावरून समोरच्या एका मुलीबद्दल काहीही सांगता येत नाही. अनामिका लांब की तर्जनी यावरून भविष्य सांगणाऱ्या व्हिडिओंचं तर नावच नको, गर्दीच्या सरासरीत दिसणारा फरक तुमच्या एका हातावर वाचता येत नाही.

कालवड फ्रीमार्टिन निघाली. आता तिचं काय करू?

बाहेरच्या देशात मांसासाठी वाढवतात. आपल्याकडे गाईच्या कत्तलीवर बंदी आहे त्यामुळे तो रस्ता नाही, सांभाळा नाहीतर गोशाळा बघा. काही ठिकाणी अशा जनावराला टेस्टोस्टेरॉन देऊन कळपातल्या माजावर आलेल्या गाई ओळखायला वापरतात. विकणार असाल तर घेणाऱ्याला सांगून विका, बाजारात "पहिलारू होईल" म्हणून गळ्यात मारू नका. आणि पुन्हा भरवताना सेक्स सॉर्टेड सीमेनची, म्हणजे मादी वासरू व्हावं म्हणून निवडून घेतलेल्या वीर्याची, कांडी वापरलीत तर दहातली नऊ वासरं माद्या येतात, मग जुळी झाली तरी दोघी कालवडीच असायची शक्यता जास्त, आणि दोघी कालवडी असतील तर काळजी नाही.

आमची ती, चंद्री, अकरा वर्षं राहिली. वडील तिला विकायचं दरवर्षी ठरवायचे. दुसरी गाय माजावर आली की आमच्या आधी चंद्रीला कळायचं, दावं तोडून तिच्यामागे जायची, आणि मग आईच डॉक्टरला फोन लावायची की या, चंद्रीने सांगितलंय.